टाकीचं निरूपण

माईक दिसला की मला दम धरवत नाही. पस्तीस वर्षं सोलापुरातल्या कॉलेजात मराठी शिकवलं, आणि निवृत्तीनंतर ऐकणारेच मिळेनासे झाले. त्यामुळे चिंचोळी एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यानं वर्धापनदिनाच्या गीतस्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं, तेव्हा इस्त्रीचा सदरा चढवून मी तासभर आधीच जाऊन बसलो.

बाकीच्यांनी सिनेमातली गाणी म्हटली. मोहोळहून कामाला येणारा येडू मात्र स्वतः रचलेलं गाणं घेऊन उभा राहिला. साथीला जेवणाच्या डब्यावर ठेका.

टाकीच्या पोटात वारा न्हाय गा,
शिडी खाली जाती, वर येत न्हाय गा.

मालक पहिल्या रांगेत होते. गाणं संपलं तसे ते खुर्चीत चुळबुळले.  येडू माईक धरूनच उभा होता, त्याला पुढं काही बोलायचं होतं. मी उठलो आणि माईक घेतला.

काय काय बोललो, विचारू नका. हे तर अस्सल भारूड, म्हणालो. रोजच्या वापरातली वस्तू घ्यायची आणि तिच्यातून परमार्थ सांगायचा, ही आपल्या संतांची जुनी रीत. टाकी म्हणजे हा संसार, वारा म्हणजे प्राण, शिडीनं उतरतो तो जीव. मालकांचा चेहरा खुलला, टाळ्या पडल्या. पहिलं बक्षीस येडूला, शाल मालकांच्या हस्ते.

खाली उतरल्यावर त्यानं मला गाठलं. सांडपाण्याच्या टाकीत विषारी वायू साचतो, दोन अर्ज दिले, कुणी वाचले नाहीत. पाहुण्यांदेखत गायलं तर मालकांना ऐकावंच लागेल, म्हणून हे गाणं.

"सर, टाकी म्हंजे टाकीच हाय की. सोमवारी आमाला तिच्यात उतरायचंय."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. कवीला स्वतःच्या कवितेचा अर्थ नेहमी कळतोच असं नाही, हे वर्गातलं ठेवणीतलं वाक्य त्याला ऐकवलं आणि जेवायला वळलो. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मंगळवारच्या पेपरात दोन नावं होती. दुसरं येडूचं. आधी उतरलेल्याला काढायला तो गेला होता.

महिन्याभरानं त्याची आई बजाबाई पत्ता शोधत घरी आली. चौकशी सुरू होती. धोक्याची कल्पना कुणी दिलीच नव्हती, असं कारखान्याचं म्हणणं; अर्ज सापडत नव्हते. तिनं तिथं कुणीतरी मोबाइलवर काढलेला गाण्याचा व्हिडिओ दाखवला, तर कारखान्याचे वकील म्हणाले, हे भक्तिगीत आहे, तसं प्राध्यापकांनीच सांगितलंय. तो व्हिडिओ तिनं माझ्यासमोर धरला. गाणं दीड मिनिटाचं, माझं निरूपण अकरा मिनिटांचं.

ती रडली नाही, वेडंवाकडं बोलली नाही. एवढंच म्हणाली, "तुमी शिकल्याली माणसं. तुमी बोलल्यालं तुमीच खोडा. माझ्यानं व्हत न्हाय."

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर चौकशीला गेलो. वकिलांनी मोठ्या अदबीनं विचारलं, "सर, या गीतातल्या टाकीचा अर्थ आपण फार सुंदर सांगितला होता. तो इथं सांगाल का?"

"टाकी," मी म्हणालो.

पुढच्या वाक्याची वाट पाहत ते थांबले. बजाबाई ती शाल मांडीवर घेऊन बसली होती. माझ्याकडे पुढचं वाक्य नव्हतं.