दुर्बिणीतली फुली

पॅरॅलॅक्स हा शब्द कारेगावात माझ्याइतका कुणी वापरत नसेल. कंपनीत मी क्वालिटीला आहे. गेजचा काटा तिरक्या डोळ्याने वाचला की आकडा चुकतो, हे पोरांना सांगून सांगून माझा घसा बसलाय. त्यामुळे बायकोच्या, म्हणजे करुणाच्या एअर रायफलला दुर्बीण बसवली तेव्हा तिची देखभाल आपसूक माझ्याकडे आली. खरं तर मीच ती ओढून घेतली. नेम मात्र करुणाच धरते. मी धरला की छर्रा कुठे गेला, हे बघायला मी जात नाही.

दौंडच्या क्लबात संघाची निवड होती. जागा दोनच. करुणाने वर्षभराचे रविवार त्यासाठी घालवले होते. सकाळी निघताना मी चष्मा काढून दुर्बिणीला डोळा लावला, मागची कडी फिरवून आतली नेम धरायची फुली काळीभोर, रेखीव केली आणि तिला बजावलं, "आता हिला हात लावू नको."

मागची कडी फुलीसाठी असते, ज्याने त्याने आपल्या डोळ्याप्रमाणे लावायची. बाजूचं चाक निशाणाच्या अंतरासाठी. ही दोन्ही नीट लागली नाहीत तर डोकं जरा हललं तरी फुली निशाणावरून सरकते. तोच पॅरॅलॅक्स. हे मी तिला जेवतानासुद्धा समजावलं होतं.

साठ छर्ऱ्यांतले पहिले दोन भलतीकडेच गेले. मागच्या बाकावर मला घाम फुटला. तो पुसायला चष्मा काढला आणि तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. फुली मी माझ्या उघड्या डोळ्याला लावली होती, आणि माझा नंबर साडेतीनचा! करुणाला चष्माच नाही.

सांगावं तर माझी शोभा. क्लबचे पंच हौसराव आप्पा नुकतंच माझं व्याख्यान ऐकून बसले होते. न सांगावं तर तिचं वर्ष वाया. मी उठलो आणि बोंब ठोकली, "करुणा, फुली माझ्या डोळ्याची हाय! कडी फिरव!"

त्याच क्षणी छर्रा सुटला. तो कागदालाही लागला नाही.

"भाईर व्हा," आप्पा म्हणाले.

झालो. सगळे हसत होते, पण मला आतून बरं वाटत होतं. अब्रू घालवून का होईना, बायकोचं वर्ष वाचवलं होतं. फाटकाशी उभा राहून मी स्वतःचंच कौतुक करत होतो.

करुणा आली ती हसतच. "दुसरी आले. झाली निवड."

माझे डोळे भरून आले. "कडी फिरवली ना मग?"

"ती कवाच फिरवली व्हती. दुसऱ्या छर्ऱ्यानंतर डोकं हलवून बघितलं, फुली सरकली, म्हणून आधी कडी फिरवली, मग चाक. तुम्ही वरडला तवा मी नेम धरून बसले व्हते. दचकले. नाहीतर पहिली असते."

मी घसा साफ केला. "पुढच्या सामन्याला मी येऊ का?"

"या की," ती म्हणाली. "फकस्त गप बसायचं काय घ्याल, ते आत्ताच सांगा."