सगळे बेटावर गेले की

बेटाची सहल मीच आखली, आणि अशी आखली की कुणाला नाही म्हणायला जागाच ठेवली नाही. सकाळची पहिली बोट, बंदराच्या तोंडावरचं ते जुनं बेट, किल्ला, तोफा, दगडात खोदलेली पाण्याची टाकी, दुपारी झाडाखाली डबे. मुलं तोफांसाठी हटून बसली होती, नवऱ्याला फोटो काढायचे होते आणि नणंदेचं बिऱ्हाड काय, कुठेही तयारच. मला मात्र कुठेच जायचं नव्हतं. मला घरी थांबायचं होतं, एकटीला.

मी वॉशिंग मशिनच्या तक्रारी फोनवर घेते. मशिन गळतं त्यांचं, शिव्या खाते मी. दिवसभर हेडफोन लावून कान किटतात. घरी येऊन चपला काढेपर्यंत सुरू: आई, अगं, सूनबाई! एक दिवस मला कुणी हाक मारू नये, एवढंच मागणं होतं. म्हणून सांगून टाकलं, मला बोट लागते. जन्मात बोटीत पाय ठेवला नव्हता, पण बोलायला काय जातं?

आदल्या संध्याकाळी नवरा मोबाईलवर तिकिटं काढायला बसला, तशा सासूबाई म्हणाल्या, "माझं नको काढूस रे. तिथे पायऱ्या फार. गुडघे ऐकत नाहीत."

"बरंच झालं," तो माझ्याकडे बघून म्हणाला. "तुम्हा दोघींना एकमेकींची सोबत."

सोबत! करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायला लागले. मागोमाग सासूबाई आल्या, भिंतीला हातही न लावता.

"गुडघे बरे दिसतायत," मी म्हटलं.

"तुला बोट लागते ना, तसेच माझे गुडघे दुखतात."

त्या स्टुलावर बसल्या. "लग्न होऊन आले तेव्हा घर माणसांनी भरलेलं. मग पोरं, मग नातवंडं. हे घर रिकामं कसं दिसतं, मला ठाऊकच नाही गं. एकदा नुसतं बसायचंय."

"मग बसा ना. मी आतल्या खोलीत झोपून राहीन, तुमच्या वाटेलाही येणार नाही."

"तू घरात असलीस की चहा टाकताना माझा हात दोन कप टाकणार."

"आई, मलाही तेच हवंय हो. जीव विटलाय माझा."

"तू तरुण आहेस. तुला मिळेल पुन्हा."

"कधी?"

ओट्यावरचं फडकं उचलून त्यांनी घडी घातली. "खरंय. मला तरी कुठे मिळालं? आणि मेले की त्या दिवशीही घरात पाय ठेवायला जागा नसणार."

मला त्यांचा राग आला, भयंकर राग आला. आणि रडूही आलं. कारण त्या खोटं बोलत नव्हत्या, आणि मी थांबले असते तर ते घर दोघींनाही मिळालं नसतं.

बाहेर येऊन नवऱ्याला म्हटलं, "अहो, माझंही तिकीट काढा."

"अगं, तुला बोट लागते ना?"

"लागू दे."

तो काहीतरी पुटपुटत पुन्हा मोबाईलवर वाकला. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. वाटलं, काहीतरी गोड बोलतील.

"रात्री बाहेरच जेवून या," त्या म्हणाल्या. "घाई करू नका."