पाइपांवरचा वाचक

ज्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, ते मात्राकाकांना तोंडपाठ होतं. वॉर्ड ऑफिसातून आलं होतं ते. गल्लीच्या तोंडाशी असलेली सार्वजनिक वाचनालयाची खोली रहिवासी वापरतात का, आणि तिची जबाबदारी कोणाकडे आहे, हे लेखी कळवावं; न कळवल्यास खोली वापरात नाही असं समजून ती पाणी खात्याला पाइप ठेवायला देण्यात येईल. खाली सही, कोणाच्या बापाला वाचता येऊ नये अशी.

मात्राकाकांची उभी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली होती. नावही तिथलंच चिकटलेलं. दुसऱ्यांच्या चुका काढता काढता स्वतःच्या चुकीची त्यांना एवढी धास्ती बसली होती, की दुधवाल्याला ठेवायची चिठ्ठीसुद्धा ते आधी कच्ची लिहीत. पत्र आलं त्या दिवशी त्यांनी प्रथम वॉर्ड ऑफिसचंच पत्र तांबड्या पेन्सिलीनं तपासून टाकलं. मग उत्तराला हात घातला. ‘होय’ लिहिलं, ते उर्मट वाटलं म्हणून खोडलं. ‘होय, रहिवासी वापरतात’ लिहिलं, तर मन म्हणालं, कोणते रहिवासी? रोज येऊन बसणारे ते एकटेच. समोरचा सलूनवाला यायचा, पण तो आरसे पुसायला जुने पेपर न्यायला. खोटं लिहवेना आणि खरं लिहायची छाती होईना. कच्च्या कागदांचा गठ्ठा वाढत गेला आणि महिने उलटले.

एका सोमवारी सकाळी टेम्पो आला आणि वाचनालयाच्या दाराशी धडाधड पाइप पडले.

“गुरुवारी साहेब खोली बघून जातील,” मुकादम म्हणाला, “मग आत रचतो. तोवर राहू द्या इथंच.”

आवाज ऐकून मात्राकाकांची थोरली बहीण पदर खोचतच आली. तिला सारी गल्ली अक्का म्हणायची, आणि घाबरायची.

“अरे, त्या पत्राचं उत्तर दिलं होतंस ना?”

मात्राकाका चष्मा पुसू लागले. चष्मा स्वच्छच होता.

“म्हणजे नाही दिलंस.”

“लिहिलं होतं गं. दुरुस्त्या चालल्या होत्या.”

“लग्नाच्या वेळीही हेच. मुलीकडच्यांना होकार कळवायचा, तर तुझ्या दुरुस्त्या संपेनात. तिला आता नातवंडं झाली!”

घरात अक्काचा रेडिओ आणि अक्का दोन्ही दिवसभर चालू असत. जगात एकच जागा अशी होती, जिथं कोणी त्यांना काही विचारत नसे. तिची किल्ली त्यांच्या खिशात होती आणि ती खोली आता पाइपांच्या घशात जाणार होती. त्यांनी खिशावरून नुसता हात फिरवला. अक्कानं ते पाहिलं. ती तोंडानं फटकळ होती, पण भावाचा हात कुठं जातो ते तिला कळे.

“बरं, रडू नकोस. गुरुवारी साहेबाला खोलीत पाय ठेवायला जागा मिळाली, तर नाव बदलीन.”

संध्याकाळपर्यंत तिनं गल्ली पिंजून काढली. शिलाईवाल्या वहिनी म्हणाल्या, “येते की. पण माझ्या हातातलं काम?”

“पुस्तकाआड करायचं. तो थोरला नकाशांचा ग्रंथ घे, त्याच्यामागं अख्खा परकर झाकतो.”

सलूनवाला हुशार. “अक्का, माझं गिऱ्हाईक बाकड्यावर ताटकळतंच. ते वाचनालयात बसवतो. पण गिऱ्हाइकाचा काय भरवसा? उठून जाईल.”

“मग?”

“अर्ध्या तोंडाला साबण लावून पाठवतो. जातंय कुठं!”

अक्कानं सगळ्यांना नियम सांगितले. अनोळखी माणसाला खुर्ची द्यायची नाही, खुर्च्या मोजक्याच आहेत. साहेब गाडीतून, फाइल घेऊन येणार; ती दारात उभी राहील. ती खोकली की साहेब आले समजायचं. माना खाली, तोंडं बंद.

“आणि मी?” मात्राकाकांनी विचारलं.

“तू कोपऱ्यात बस. खरं बोलू नकोस म्हणजे झालं.”

गुरुवारी वाचनालय असं भरलं, की कपाटंसुद्धा दचकली असतील. वहिनी नकाशांमागं टाके घालत होत्या. दोघे-तिघे साबणाच्या दाढ्या सांभाळत बसले होते. सलूनवाल्यानं हाताला येईल ते पुस्तक उचललं होतं. ती निघाली एक खुनाची गोष्ट, आणि पहिल्याच पानावर मुडदा. तो हलेना. समोर त्याच्या दुकानात पंखा एकटाच फिरत होता.

“अहो, माझा साबण वाळला,” एक गिऱ्हाईक कुरकुरलं.

“थांबा हो. स्वयंपाक्यावर संशय आलाय.”

इतक्यात एक किडकिडीत माणूस सायकल टेकवून दारात आला. खांद्याला कापडी पिशवी, कपाळावर घाम.

“बसायला जागा आहे का?”

“नाही,” अक्का म्हणाली. “आज भरलंय. पाइपांवर बसा हवं तर.”

“पेपर मिळेल?”

“मधलं पान आहे. बाकीची पानं लोक वाचताहेत.”

बाकीच्या पानांवर वहिनींची कात्री आणि रिळं होती. माणूस मुकाट्यानं पाइपांवर बसला. मधलं पान त्यानं वाचलं, उलटलं, जाहिरातींसकट पुन्हा वाचलं. मग आत डोकावून हळूच विचारलं, “नद्यांवरचं काही पुस्तक असेल का?”

“नंतर या,” अक्का म्हणाली.

मात्राकाका कोपऱ्यातून हे सगळं बघत होते. ओळीखाली बोट धरून वाचायची त्या माणसाची तऱ्हा त्यांनी हेरली होती. भरल्या खोलीत वाचायला आलेला माणूस एकच, तो बाहेर लोखंडावर बसलेला. त्यांना ते बघवेना. ते उठले, वरच्या फळीवरचं नद्यांचं पुस्तक काढलं, फुंकर मारून धूळ उडवली, आणि त्या माणसाला हाताला धरून आपल्या खुर्चीवर बसवलं.

अक्काचा जीव वरखाली झाला. तिनं भावाला दम भरायचा म्हणून डोळे वटारले आणि खाकरली.

खोकला ऐकताच सगळ्यांच्या माना खाली गेल्या. खोलीत टाचणी पडली, तीही वहिनींचीच. आणि नेमक्या त्याच वेळी इस्त्रीचा शर्ट घातलेला, काखेत फाइल धरलेला एक गृहस्थ दारात उभा राहिला.

“या साहेब, या!” वहिनी परकरासकट उठल्या. “आमची गल्ली फार वाचते, साहेब. जेवत नाही, पण वाचते!”

“आणि गटाराचं झाकण सहा महिने नाही, तेही लिहून घ्या,” साबणवाला ओरडला.

“कोपऱ्यावरचा दिवा दिवसा जळतो आणि संध्याकाळी विझतो!”

गृहस्थ एकेक पाऊल मागं सरकत पाइपाला अडखळला. “अहो, मी विमा एजंट आहे! माझी पँट तयार झाली का, ते बघायला आलोय.”

वहिनींनी जीभ चावली. कोपऱ्यातून पान उलटल्याचा आवाज आला.

“झाकण आणि दिवा,” किडकिडीत माणूस म्हणाला. पिशवीतून पेन काढून तो लिहू लागला होता. “आणखी काही? वॉर्ड ऑफिसातून मीच आलोय. गाडी नाही मिळत आम्हाला.”

अक्काला आता खरोखरीचा ठसका लागला.

साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. “काका, जबाबदारी तुमच्याकडे ना? पत्राला उत्तर का नाही दिलंत?”

सगळी गल्ली मात्राकाकांकडे बघू लागली. अक्का डोळ्यांनी नको नको म्हणत होती.

“खोटं लिहवेना, साहेब,” मात्राकाका म्हणाले. “रोज मी एकटाच येतो. ही मंडळी आज आली आहेत, माझ्यासाठी.”

“ते कळलं मला. वाचता वाचता दाढीवर साबण वाळलेला वाचक मी पहिल्यांदाच पाहिला.” साहेब हसले नाहीत, पण मिशी हलली. “बसायला जागा नव्हती म्हणून पाइपांवर बसावं लागलं, असं मी लिहीन. ते तर खरं आहे. पण तुमचं लेखी उत्तर सोमवारी टेबलावर हवं. आणि गुरुवारी मी अधूनमधून येत जाईन, न सांगता. खोली रिकामी दिसली, तर पाइप आत.”

“दर गुरुवारी?” वहिनी किंचाळल्या.

“नुसतं वाचतच बसायची गरज नाही. झाकणाचं, दिव्याचं एकत्र बसून ठरवा, तोही वापरच. आणि हे पुस्तक घरी नेता येतं का?”

“येतं,” मात्राकाका म्हणाले. “पण परत आणावं लागतं.”

“म्हणजे मला यावंच लागणार.” साहेबांनी नद्या पिशवीत टाकल्या. दारात ते थबकले. “तुमच्या सलूनवाल्यांना सांगा, खून स्वयंपाक्यानं केलेला नाही.”

“सांगू नका, साहेब!” सलूनवाला कळवळून ओरडला.

दुपारी मात्राकाका घरी उत्तर लिहायला बसले. अक्का पाकीट आणि डिंक घेऊन समोर ठाण मांडून बसली. या वेळी ‘होय’ उर्मट वाटलं नाही.

‘होय, रहिवासी खोली वापरतात. जबाबदारी माझी. जागा अपुरी पडते, तरी खुर्च्या पाठवाव्यात. पाइप घेऊन जावेत, मात्र दोन राहू द्यावेत, बसायला उपयोगी पडतात.’

“हे शेवटचं फार झालं का गं?” त्यांनी विचारलं.

“डिंक वाळतोय,” अक्का म्हणाली.

कोपऱ्यावरच्या पेटीपाशी पोचल्यावर त्यांना आठवलं की तारीख घालायची राहिली. हात सवयीनं खिशात गेला. तिथं किल्ली होती, पेन्सिल नव्हती. ती सलूनवाल्यानं संशयितांवर खुणा करायला नेली होती. मात्राकाकांनी इकडंतिकडं पाहिलं, कोणी बघत नव्हतं. त्यांनी पाकीट पेटीच्या तोंडात सारलं आणि आत पडल्याचा आवाज येईपर्यंत कान लावून उभे राहिले.