लवूच्या भिंतीवरचं फूल

माणसानं सासुरवाडीला जावं, चार दिवस मासळीचं हुमण ओरपावं आणि सुखरूप परत यावं. आमच्या ह्यांना तेवढ्यानं भागलं नाही.

सदुसष्टच्या जानेवारीत गोव्यात मतदान होतं. पोर्तुगीज जाऊन पाच वर्षं झाली होती. आता गोवा महाराष्ट्रात जायचा की वेगळा राहायचा, ते तिथल्या लोकांनी ठरवायचं. महाराष्ट्रात जायचं असेल त्यांनी फुलाला मत द्यायचं, वेगळं राहायचं असेल त्यांनी दोन पानांना. मी म्हापशाकडची, पण लग्न होऊन इकडे भाईंदरजवळ गोडदेवात आले, म्हणून मला मत नाही. ह्यांचा तर जन्मच वेंगुर्ल्याचा. तरी भाईंदरच्या कारखान्यात रजा टाकून हे फुलाच्या प्रचाराला निघाले. म्हणाले, "गोवा आपलाच आहे, सुगंधा." मी म्हटलं, पोरीचं लग्न महिन्यावर आलंय, आधी मांडवाचं बघा. ऐकतंय कोण.

उतरले कुठे, तर माझ्या भावाकडे, लवूकडे. लवूचं घरातच दारूचं छोटं दुकान. आपल्याकडे दारूबंदी, तिकडे नव्हती. त्यामुळे त्याची सगळी गिऱ्हाइकं दोन पानांची. आणि ह्यांनी काय करावं? लवू बाजाराला गेलेला बघून त्याच्या दर्शनी भिंतीवर गेरूनं हे एवढं मोठं फूल काढलं. अडवणार कोण? आमच्यात जावयानं घर पेटवलं तरी आधी त्याला चहा विचारतात. वहिनीनं उलट चढायला स्टूल आणून दिलं.

गिऱ्हाइकं दुकानाकडे फिरकेनाशी झाली. निकाल लागला, पानं जिंकली, हे तोंड पाडून घरी आले. मागोमाग गावच्या माणसाबरोबर लवूचा निरोप आला, आशाच्या लग्नाला मी येणार नाही.

आशा आमची एकुलती एक. मामानं हात धरून बोहल्यावर आणायची आमची रीत, आणि मला भाऊ एकच. पोर रडून रडून अर्धी झाली. हे म्हणायचे, "चुलतमामा उभा करू. मी माफी मागणार नाही. फूल काढणं गुन्हा आहे काय?"

माझं डोकं फिरलं. एसटीत बसून माहेर गाठलं, चुना कालवला आणि भिंतीला भिडले. तो मेला गेरू चुन्यातून पुन्हा पुन्हा वर येत होता. लवू दारात बसून नुसता बघत होता.

"तुझी पानं जिंकली ना? मग अजून राग कसला?" मी विचारलं.

"माझी कुठली? मी फुलालाच मत दिलं."

माझा हात थांबला.

"तू तिकडे आहेस. म्हटलं, एका राज्यात राहू. धंदा बसला तर बसला." मग भिंतीकडे बघून म्हणाला, "पण घर माझं आहे, सुगंधा. एकदा विचारायचं होतं. मी हो म्हटलं असतं."

मला रडू आलं, आणि हातातल्या कुंचल्यानं त्याला बडवावंसंही वाटलं. निघताना एवढंच म्हणाला, पोरीचं तोंड बघायला येईन, मामा म्हणून नाही.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, स्वतः जा आणि त्याला विचारा, मामा म्हणून येशील का. गेले नाहीत. जेवण तेवढं कमी झालं.

लग्नाच्या सकाळी लवू आला आणि परक्यासारखा मांडवाबाहेर उभा राहिला. आत आशा शालू नेसून बसलेली, भटजी घड्याळ बघतायत, वऱ्हाड कुजबुजतंय. शेवटी हे उठले. टोपी सारखी करत बाहेर गेले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "लवू, तुझ्या भाचीला बोहल्यावर आणतोस का? तुझी मर्जी असेल तर."

भटजी मुहूर्त टळतोय म्हणून कावले. मी मनातल्या मनात दोघांच्याही सात पिढ्या उद्धरल्या. ह्यांनी मात्र पहिल्यांदाच घाई केली नाही. हात जोडून उत्तराची वाट बघत उभे राहिले.

"आणतो," लवू म्हणाला, आणि चपला काढून आत आला.