अर्जुनरावांना बांधलं नव्हतं

बहात्तरच्या दुष्काळाचा विषय निघाला की रतनबाईंना आधी तो पत्र्याचा दवाखाना दिसतो. दोन खोल्या, ओसरीवर चार खाटा आणि कोपऱ्यात झाकून ठेवलेला पाण्याचा रांजण. नांदूरघाटाच्या अलीकडचं ते गाव. रतनबाई तिथं नर्स होत्या. मुलूख करपला होता, तरी नर्सबाईला कुणी भाकरीवाचून निजू दिलं नाही. म्हातारपणी मन अजून तिकडंच ओढ घेतं.

वैशाखातल्या एका दुपारी खडीच्या कामावरून आश्रुबाला बैलगाडीत घालून आणलं. ऊसतोडीवरून परतलेला तिशीतला गडी. चौघांना आवरत नव्हता. लाथा झाडत होता, बायकोलाच "तू कोण हायस?" म्हणत होता.

दवाखान्याचा शिपाई बिभीषण बघताक्षणीच म्हणाला, "तोडणीवाला हाय. सकाळीच ढोसली असंल."

डॉक्टरांनी आतूनच सांगितलं, "खाटेला बांध. उतरली की बघू."

खरं सांगायचं तर दोरी रतनबाईंनीच काढून दिली. त्यांनाही तसंच वाटलं होतं.

त्याची बायको केशरबाई खाटेशी उभी होती. हळूच म्हणाली, "बाई, त्यो थेंबाला शिवत न्हाई. सकाळधरनं उन्हात खडी फोडीत व्हता. पाणी लई लांब व्हतं."

रतनबाई वाकल्या. तोंडाला वास नव्हता. कपाळाला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं, आणि घामाचा थेंब नाही. थर्मामीटरचा पारा एकशे सहावर गेला.

त्या आत गेल्या. "साहेब, दारू नाही. ऊन लागलंय."

"आधी शांत होऊ दे."

सोसायटीच्या चेअरमनचे भाऊ अर्जुनराव दोनच दिवसांपूर्वी असेच आले होते. ते मात्र खरंच पिऊन. शिव्या दिल्या, काचेचा ग्लास फोडला, आणि डॉक्टर त्यांच्या उशाशी बसून "राव, जरा पडा" म्हणत राहिले. रतनबाईंच्या तोंडून निघून गेलं, "साहेब, परवा अर्जुनरावांना बांधलं नव्हतं."

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. रतनबाईंना क्षणभर वाटलं, आता नोकरी गेली. मग ते उठले, ओसरीवर आले आणि स्वतः गाठी सोडल्या.

"रांजण उघडा," ते म्हणाले.

"साहेब, टँकर परवा हाय," बिभीषण कुरकुरला.

"तू ओत."

चादरी भिजवून अंगावर घातल्या, सलाईन लावलं. बिभीषण सुपानं वारा घालत बसला. केशरबाई नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला नावानं हाका मारत राहिली. सांज होता होता आश्रुबानं विचारलं, "केशर, बैलांना पाणी दावलंस का?"

त्यावर सगळ्यात आधी बिभीषणाच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या दिवसानंतर डॉक्टरांनी शिरस्ता पाडला. माणूस कितीही थैमान घालत आला तरी आधी त्याचं नाव विचारायचं, वास स्वतः घ्यायचा, ताप बघायचा, घरच्यांचं ऐकायचं. मग चेअरमन असो की तोडणीवाला.

दुसऱ्या दिवशी गावातल्या बायका घागरीतलं तांब्या-तांब्या पाणी रांजणात ओतून गेल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आश्रुबाच्या मनगटांवरचे वळ मात्र आठवडाभर टिकले. रतनबाई त्या वळांना खोबरेल लावत होत्या, तेव्हा त्यानं विचारलं, "मला कायबी आठवत न्हाई. दोरी कुणी बांधलती?"

"दिली मीच होती."

तो हसला. "बरं केलंत. न्हाईतर तुमालाच लाथ बसली असती."

रतनबाईंना काही हसू आलं नाही. त्या तेल चोळत राहिल्या.