कड्याच्या आडोशाने

बाहेर समुद्र खवळला होता, म्हणून त्या सकाळी बापलेकीने होडी डोंगराच्या कुशीतल्या खाडीतच घातली. म्हाताऱ्याचे गुडघे गेल्यापासून वल्ही लेकीच्या हातात आणि जिभेचा पट्टा त्याच्याकडे, अशी वाटणी झाली होती.

जाळं ओढून झालं आणि वाऱ्याने अचानक दिशा बदलली. होडी खाडीच्या तोंडाकडे, उघड्या समुद्राकडे सरकू लागली.

"सरळ धक्क्याकडे घे!" म्हातारा ओरडला.

"बाबा, वाऱ्याच्या तोंडावर सरळ गेले तर अर्ध्या वाटेत माझे हात गळतील. जरा गप्प बसा."

तिने होडी डोंगराच्या बाजूला वळवली. लाटा काठावरून आत येऊ लागल्या. म्हातारा डब्याने पाणी उपसत राहिला. कड्याखाली पोहोचताच वारा डोक्यावरून जाऊ लागला, पाणी शांत झालं. मग कड्याच्या कडेकडेने, सावकाश वल्हवत, तिने होडी धक्क्याला आणून लावली.

धक्क्यावर सगळे मच्छीमार श्वास रोखून उभे होते. एकजण म्हणाला, "काका, पोरीला पक्कं तयार केलंत हो!"

"मी कसलं तयार करतोय!" म्हाताऱ्याची छाती फुगली होती. "मी सरळ यायला सांगत होतो. माझं ऐकलं असतं, तर आता तुम्ही आम्हाला शोधत फिरला असता."

लेक टोपल्या उतरवून घेत होती, तोवर त्याने हे आणखी तिघांना, कुणी न विचारता सांगितलं.