आठवा बाइट

सकाळी साडेदहाला गंगापूरजवळच्या एका आरोग्य केंद्रातला लसीचा फ्रिज त्याच्यावर लक्ष ठेवणाऱ्या कंपनीच्या पडद्यावर लाल झाला. तापमान उणे दोन हजार अंश. डॉक्टरांना आपोआप संदेश गेला: लस बाद करा.

कंपनीच्या मुकुंदवाडीतल्या कचेरीत जोहरानं तो आकडा पाहिला. फ्रिजमधल्या यंत्राच्या नोंदी वाचणारा प्रोग्राम तिचाच होता. तिनं केंद्रात फोन लावला. परिचारिका मनकर्णाबाईंनी उचलला.

"ताई, लस फेकली का?"

"फेकते कशाला? उणे दोन हजार असतं तर मीच गोठून खांब झाले असते की! आतल्या थर्मामीटरचा काटा चारवर हाय. डॉक्टरांना म्हणलं, जरा दम धरा. उद्या लेकरं यायचीत टोचायला."

"रात्री काही झालं होतं?"

"रेंज नव्हती रातभर. सकाळी आली."

जोहराच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एरवी यंत्र दर तासाला एकच नोंद पाठवतं. तिनं चाचणीही एकेका नोंदीवरच घेतली होती. आज रात्रभर साठलेल्या नोंदी एकदम आल्या होत्या. पहिली बरोबर होती, घोळ दुसरीपासून.

यंत्र जागा वाचवायला एक नोंद सात बाइटांत बसवतं: चार वेळेचे, दोन तापमानाचे, एक दार उघडं की बंद याचा. तिच्या संगणकाला मात्र प्रत्येक नोंद चारच्या पटीतल्या जागी सुरू झालेली हवी. म्हणून तो शेवटी एक रिकामा बाइट धरतो आणि आठ मोजतो. त्यामुळे दुसरी नोंद एक बाइट पुढून वाचली गेली, तिसरी दोन. दार आणि वेळ तापमानात मिसळली.

तिनं रिकामी जागा काढून टाकली आणि त्याच नोंदी पुन्हा वाचल्या.

"एका बाइटापायी फ्रिज पार चंद्रावर धाडलास की," मागून तिचे वरिष्ठ रामकिसन सर म्हणाले. जोहराला हसू आलं, डोळेही भरले. तिकडं गंगापूरजवळ एका बाईनं पडद्याआधी काट्याकडं पाहिलं होतं.

तिनं मनकर्णाबाईंना पुन्हा फोन लावला. "ताई, तुमचे उपकार कसे..."

"उपकार ऱ्हाऊ दे. आकडे सांग."

जोहरानं ते वाचून दाखवले; बाकी सगळे लसीला लागणाऱ्या दोन ते आठ अंशांच्या आत होते. पहाटेचा एक तेवढा आठ पूर्णांक तीन. हा खरा होता.

मनकर्णाबाईंनी तो आकडा वहीत उतरवला. "ही लस चालंल का, ते डॉक्टर तालुक्याला इचारतील," त्या म्हणाल्या. "तू खरं ते सांगितलंस, लई झालं."

संध्याकाळी सहापर्यंत बाटल्या फ्रिजमध्येच, वेगळ्या खणात होत्या. तालुक्याहून उत्तर आलेलं नव्हतं.